निजामपुऱ्यातला पुस्तकांचा शेजार

भिवंडीला जायचे म्हणजे ठाण्याला किंवा कल्याणला उतरायचे आणि पुढे एस. टी. नाहीतर रिक्षा धरायची. वसई-दिवा मार्गावर 'भिवंडी रोड' नावाचे स्टेशन आहे खरे, पण दर चार मिनिटांनी लोकल पकडणाऱ्या मुंबईकराचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. त्याच्या अंगावरचे कापड कित्येकदा भिवंडीचे असते. हल्ली घरपोच येणाऱ्या कितीतरी वस्तूही गावाबाहेरच्या अवाढव्य गोदामांतून निघतात. तरी गावात पाऊल टाकण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही.

मला कारण पडले ते पुस्तकांचे. निजामपुरा हा भिवंडीतला जुना मोहल्ला. त्याचा मान असा, की इथल्या महानगरपालिकेच्या नावातही भिवंडीला जोडून 'निजामपूर' आहे. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून आणि कुठून तरी सतत येणारी यंत्रमागाची खटखट. पाहुणा पहिला तासभर त्या आवाजाने वैतागतो. नंतर तो थांबला की चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, तेव्हाचा माझा एक वाचक इथे राहतो. जुने कोकणी मुसलमान घराणे. आजोबांच्या वेळी घरचे चार माग होते. आता तो स्वतः एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याचा फोन आला, "सर, घरात दोन हजारांवर पुस्तके आहेत आणि हवे ते एकही सापडत नाही. दोन दिवस याच."

त्या घराला हे दुखणे परवडणारे नव्हते, कारण त्याची बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा घरीच शिकतात. त्यांची आई पूर्वी शिक्षिका होती. चौदा वर्षे पुरी झाली की मुलगी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून दहावीला बसेल. वाचकहो, हे काही अगदी नवे खूळ नाही. पंडिता रमाबाईंना आईने तीर्थयात्रेच्या भटकंतीत संस्कृत शिकवले आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' म्हटले. पण रमाबाईंचे ग्रंथालय मुखोद्गत होते. तुमच्याआमच्या मुलांना कपाट लागते. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, तेव्हा घराचा आराखडाच पुस्तकांना जागा ठेवून केला होता. इथे मात्र पुस्तके माळ्यावर, पलंगाखाली आणि तांदळाच्या पिंपाशेजारीही होती.

पहिला दिवस झटकण्यात गेला. मागाजवळच्या घरात कापसाची बारीक भुकटी पानापानांत शिरते, ती पावसाळ्याची ओल धरते आणि मग कसर लागते. पुस्तके सावलीत वाऱ्यावर उघडून ठेवली. कडक ऊन कागदाला पिवळे करते. फळ्या तीन फुटांच्या आतच घेतल्या, कारण पुस्तकांच्या वजनाने लांब फळी मध्ये वाकते. भिंत आणि कपाट यांत दोन बोटे जागा सोडली आणि मुलांची पुस्तके मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी खरा वाद निघाला. यजमान म्हणाला, "सर, आमच्या गोदामात साबणाशेजारी बूट असतात. प्रत्येक खणाला नंबर असतो. यंत्र नंबर सांगते, पोरगा जाऊन वस्तू आणतो. घरीही तसेच करू. मोबाइलमध्ये यादी ठेवली की झाले!"

युक्ती नामी होती. एके काळी ग्रंथालयांतही पुस्तकाला फळीचाच नंबर असे. १८७६ साली मेल्विल ड्युईने विषयांना आकडे दिले आणि पुस्तक फळीऐवजी विषयाला बांधले. मी त्याला म्हटले, "अरे, गोदामात जाणाऱ्याला काय आणायचे ते आधीच ठाऊक असते. तुझ्या मुलीला ते ठाऊक नाही. म्हणून तर ती शिकते आहे. एक पुस्तक घ्यायला गेली की शेजारचे दुसरे नजरेला पडले पाहिजे. शाळा नाही, बाकावरचा सोबती नाही. मग पुस्तकाला तरी शेजारी असू दे."

आपल्याकडे रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक भेटावा, हा त्यांतला एक. मुलांनी स्वतःच दहा विषय पाडले, प्रत्येकाला एक रंग दिला आणि पुस्तकांच्या पाठीवर चिकट्या लावल्या. ग्रंथालय वाढते असते, म्हणून प्रत्येक फळीचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवला.

उरला प्रश्न उर्दूचा. निम्मी पुस्तके आजोबांची, उर्दूतली. मुलांच्या आईचे म्हणणे, "ती वरच्या कपाटात वेगळी ठेवू. मुलांना उर्दू अडखळतच वाचता येते." मला धास्ती वाटली ती याचीच. वर गेलेले पुस्तक घरातून निम्मे गेलेच म्हणून समजा. आणखी दहा वर्षांनी ते वाचणारे कोणी उरत नाही आणि मग रद्दीवाला येतो. मी म्हटले, विषय एक असेल तर भाषा शेजारी बसू द्या. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. फळीला त्याचे काही वाटत नाही.

दादी कॉटवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या दीनी किताबांची खिचडी करू नका हो." त्यांची धर्मग्रंथांची अलमारी जशीच्या तशी राहिली. बाकी साऱ्या भाषा मिसळल्या.

संध्याकाळी मुलगी 'कापड आणि यंत्रे' या फळीशी गेली. तिला कापसावरचे एक मराठी पुस्तक हवे होते. त्याला खेटून एक पुठ्ठ्याची वही होती. आत उर्दू अक्षरे आणि पेन्सिलीने काढलेले मागाचे भाग. पणजोबांची माग-दुरुस्तीची टिपणे! चारही माग केव्हाच भंगारात गेले. वही तेवढी राहिली होती. मुलीने दोन ओळी लावून पाहिल्या, तिसरीला अडली आणि वही घेऊन दादींपाशी गेली.

दादींनी चष्मा मागितला. "हे धोट्याचे लिहिले आहे," त्या म्हणाल्या, "बस इथे, मी सांगते."

त्या रात्री जेवणे उशिरा झाली.