हातांतील दोरी

कुत्रा शिवला कीं अंगावरचे कपडे पाण्यांत टाकावयाचे व स्नान करावयाचें, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. अशा घरांत ज्याचें बालपण गेलें, त्यानें सत्तरी उलटल्यावर कुत्र्याच्या पट्ट्याची दोरी हातांत धरून स्कॉटलंडचीं रानें पालथीं घालावीं, ही दैवाची थट्टाच म्हटली पाहिजे. परंतु तसें घडलें खरें. त्या हिंडण्यांत मला जो आनंद लाभला, आणि एकदां जी मान खालीं घालावी लागली, त्या दोहोंची हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आलें आहे.

माझी मुलगी बर्नम येथें राहते. पर्थच्या उत्तरेस, टे नदीच्या कांठीं वसलेलें हें लहानसें गांव. पलीकडच्या तीरावर डंकेल्ड. मध्यें १८०९ सालीं रहदारीस खुला झालेला दगडी पूल. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकांत जें अरण्य किल्ल्यावर चालून येतें, तें या बर्नमचें. शिवराम महादेव परांजपे यांनीं त्याच नाटकावरून रचिलेलें 'मानाजीराव' ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस या नांवाचें कौतुक वाटेल. नदीकांठीं ओकचा एक प्रचंड वृक्ष अजून उभा आहे. त्या पुरातन अरण्याचा तो अवशेष होय, असें मानतात. त्याचें खोड खालीं पोकळ झालें आहे आणि खालच्या फांद्या लांकडी टेकूंवर पेलल्या आहेत. पहिल्या दिवशीं तो पाहून माझ्या मनांत आलें, 'इतकें जगून शेवटीं टेकू घ्यावा लागला, बिचारा!'

पत्नी गेल्यानंतर मुलीनें फार आग्रह केला, म्हणून मी तेथें गेलों होतों. पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेला मी माणूस. एकट्यानें हिंडण्याची मला संवय. परंतु पहिल्याच सकाळीं जोडे चढवून निघालों, तों मुलगी म्हणाली, "बाबा, मोत्याला बरोबर न्या. त्याला सगळ्या वाटा ठाऊक आहेत."

हें ऐकून मी मनांतून दुखावलों. कुत्रा माझ्या स्वाधीन केला जात नव्हता. मीच कुत्र्याच्या स्वाधीन केला जात होतों!

मोत्या स्प्रिंगर स्पॅनियल जातीचा. झुडपांत दडलेले पक्षी उठवून शिकाऱ्यासमोर उडवावे, हें या जातीचें पिढीजाद काम. तिचें नांवही त्यावरूनच पडलें. अंगावर तपकिरी व पांढरे पट्टे, कान लोंबते आणि नाक सदैव जमिनीला लागलेलें. गांवांत सर्वजण त्याला ओळखत. वाटेंत भेटणारी माणसें आधीं त्याची विचारपूस करीत, मग हवेसंबंधीं दोन शब्द माझ्याशीं बोलत. महिन्याभरांत अर्धें गांव माझ्या ओळखीचें झालें. माझें नांव मात्र कोणास ठाऊक नव्हतें. मी होतों 'मोत्याचे आजोबा'.

आपल्याकडे पानगळ शिशिराची. तेथें ती शरदांतच येते, आणि सारा डोंगर पेटल्यासारखा दिसूं लागतो. डोंगरउतारावरचे नेचे तांबूस होतात, रोवनच्या झाडांवर लाल फळांचे घोंस लटकतात. आपण ज्याला भूर्ज म्हणतों त्याच्याच कुळांतील बर्चचीं पानें सोन्याच्या नाण्यांसारखीं वाटेवर पडतात. लार्च हा सूचिपर्णी वृक्ष असूनही शरदांत पिवळा होऊन सुया गाळून टाकतो. टायरोलच्या पर्वतांतून आणून १७३८ सालीं लाविलेला एक लार्च डंकेल्डच्या प्राचीन कॅथेड्रलजवळ आजही उभा आहे. आइसलंडकडून आलेले रानहंस कोलाहल करीत डोक्यावरून जातात. ब्रान नदीच्या धबधब्यापाशीं सामन मासे प्रवाहाविरुद्ध उसळ्या मारतात, पडतात आणि पुन्हा उसळतात.

खरें सांगावयाचें तर, एकटा असतों तर यांतील निम्मेंही माझ्या दृष्टीस पडलें नसतें. एकटा चालणारा म्हातारा पायांनीं रानांत असतो. मनानें तो आपल्या जुन्या खोल्यांतून फिरत असतो. मोत्या मला तसें फिरूं देईना. दर दहा पावलांवर तो थबके आणि एखाद्या ओल्या पानाचा असा बारकाईनें वास घेई, कीं जणूं सकाळचें वर्तमानपत्रच वाचीत आहे. तो थांबला कीं मलाही थांबावें लागे, आणि थांबलों कीं कांहींतरी दिसे: शेवाळावरचें दंव, छत्रीसारखी भुई फोडून वर आलेली अळंबी, क्वचित् धुक्यांत निश्चल उभें असलेलें हरिण.

या देशाची आणखी एक गोष्ट मला फार भावली. २००३ सालीं संमत झालेल्या कायद्यानें तेथें कोणासही, जमीन कोणाचीही असो, बहुतेक सर्व रानांतून व माळांतून हिंडण्याचा हक्क आहे. घराभोंवतालचें आवार, उभीं पिकें असे अपवाद आहेत. परंतु मुख्य अट एकच, कीं हा हक्क जबाबदारीनें वापरावा आणि कुत्रा आपल्या ताब्यांत ठेवावा. पहिला भाग माझ्या चांगला लक्षांत राहिला.

गेल्या वर्षीं दसऱ्याच्या सकाळीं आपट्याचें पान कोठून मिळणार, म्हणून नातवानें बर्चचें पिवळें पान 'सोनें' म्हणून माझ्या हातावर ठेविलें. तें खिशांत घालून मी मोत्यासह डोंगराकडे निघालों. ऊन पडलें होतें, चित्त प्रसन्न होतें. मनांत आलें, आज सीमोल्लंघनाचा दिवस. या मुक्या जिवालाही थोडी मोकळीक मिळूं द्यावी. मीं दोरी सोडली.

इतक्यांत नेच्यांतून फडफडाट करीत एक फेझंट पक्षी उडाला. मोत्या बाणासारखा सुटला, फाटकाखालून घुसला आणि पलीकडच्या कुरणांत मेंढरांत शिरला. मेंढरें घाबरून एकवटलीं व धांवत जाऊन दगडी गडग्यावर आदळलीं. मी मराठींत हांका मारीत राहिलों. अखेर तो परतला तेव्हां धापा टाकीत होता, आणि एका मेंढीच्या पायांतून रक्त वाहत होतें.

शेतकरी आला. त्यानें मेंढीचा पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलें. आवाज यत्किंचितही न चढवितां तो म्हणाला, "कुत्र्याचा दोष नाहीं. दोरी कोणाच्या हातांत होती?"

तेथें २०२१ च्या कायद्याप्रमाणें अशा अपराधास ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते, हें मला मागाहून कळलें. परंतु परततांना मला दंडाची भीति वाटत नव्हती. मुलीला हें कळलें तर माझें एकट्याचें हिंडणें बंद होईल, ही ती भीति होती. आयुष्यभर पोरांना खरें बोला म्हणून सांगणारा मी, घरीं काय सांगावयाचें नाहीं याची जुळवाजुळव करीत चाललों होतों. दुपारचें पुरणाचें जेवण घशाखालीं उतरेना. रात्रीं मीं सर्व सांगून टाकलें.

ती रागावेल असें वाटलें होतें. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "उद्यां मी येतें तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या शेतकऱ्याकडे गेलों. मीं क्षमा मागितली आणि औषधपाण्याचा खर्च देऊं केला. जखम किरकोळ आहे, असें म्हणून त्यानें पैसे घेतले नाहींत. मोत्याचें नांव मात्र विचारलें, आणि माझ्या हातांतील दोरीकडे पाहून म्हणाला, "रान उघडेंच आहे. येत जा."

त्यानंतर सुट्टीच्या दिवशीं मुलगीही आमच्याबरोबर येऊं लागली. तिची आई गेल्यापासून आम्हां दोघांत तिचा विषय निघाला नव्हता. एकमेकांस जपत होतों. घरांत समोरासमोर बसून जें बोलवलें नाहीं, तें मोत्याच्या मागोमाग चालतांना सहज बोलवलें. आईला ही पानगळ पाहून काय वाटलें असतें, इथपासून आरंभ झाला.

ऑक्टोबरच्या अखेरीस एकदां उतरणीची वाट ओल्या पानांनीं निसरडी झाली होती. मुलीनें एका हातांत मोत्याची दोरी धरली आणि दुसरा हात माझ्यापुढें केला. महिन्यापूर्वीं मीं तो झिडकारला असता. मला नदीकांठच्या त्या ओकचे टेकू आठवले. मीं तिचा हात धरला आणि आम्ही तिघें सावकाश खालीं उतरलों.