आईच्या हिरड्या

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कागद वाचण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हापासून तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, योजनेचे अर्ज हे सारे माझ्याच पिशवीत असते. सोमवारी आणि गुरुवारी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही जिल्ह्याच्या गावी जातो. चार तास आईचे रक्त नळीतून यंत्रात जाते, शुद्ध होते आणि परत येते. मी शेजारी स्टुलावर पुस्तक उघडून बसते.

२०२४ च्या पावसाळ्यात आईचे रक्त वाढेना. त्यासाठीची इंजेक्शने चालू होती, लोहही दिले जात होते. तरी हिमोग्लोबिन होते तिथेच. जेवणही तुटले. भाकरीचा तुकडा ती ताटात फिरवीत बसे आणि मग आमटीत कुस्करून कसाबसा गिळी. मी चिडून म्हणे, "अगं आई, खाल्लं नाहीस तर अंगात बळ कुठून येणार?" ती नुसती हसे, तेही तोंडावर पदर धरून.

त्या पदरामागचे मला ठाऊक होते, हे इथे कबूल केलेच पाहिजे. चूळ भरताना मोरीत पडणारे रक्त मी पाहिले होते. तिच्या तोंडाला वास येई, म्हणून मी स्टूल हळूच मागे ओढून घेई. मूत्रपिंडाच्या रोग्याच्या तोंडाला वास येतो, असे मी वाचले होते. ते खरेही आहे. पण त्या वाचनाचा उपयोग मी फक्त गप्प बसण्यासाठी केला.

एका गुरुवारी डॉक्टरांनी अहवालातील एका आकड्यावर बोट ठेवले. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात हे प्रथम आढळले. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृत ते रक्तात सोडते. आग लागली आहे एवढे ते सांगते. कुठे, ते सांगत नाही. डॉक्टरांनी आईच्या हातावरचा फिश्चुला पाहिला, छाती तपासली, पाय पाहिले. शेवटी म्हणाले, "मावशी, तोंड उघडा बरं."

आईने आधी माझ्याकडे पाहिले. मग पदर खाली केला. हिरड्या सुजून लालभडक झालेल्या, दातांच्या मुळाशी किटणाचे थर, दोन दात हलणारे. वर्षानुवर्षे मिश्री लावलेली, आणि त्यात पाणी मोजून प्यावे लागत असल्याने कोरडे पडलेले तोंड.

"किती दिवस दुखतंय?"

"वरीस झालं आसंल."

"मग बोलला का नाहीत?"

"मशिनवर जानाऱ्या बाईनं दातांचं काय रडगानं गायाचं, डाक्टर?"

मला मान वर करता आली नाही. आम्ही घरातले सगळे हेच समजत होतो.

डॉक्टरांनी समजावले ते असे. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत जंतू साठतात. शरीर त्यांच्याशी रात्रंदिवस झुंजत राहते आणि त्या झुंजीची झळ रक्तावाटे सर्वत्र पोचते. दाह असा रेंगाळला की लोह साठ्यातच अडकून पडते, रक्तवाढीची इंजेक्शने फिकी पडतात, भूक मरते, रक्तवाहिन्यांनाही इजा होते. आणि डायलिसिसवरचे रोगी सर्वांत अधिक दगावतात ते हृदयविकारानेच.

दंतवैद्यांनी शुक्रवार दिला. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. त्या दिवशी हिरड्यांना हात लावला तर रक्त लवकर थांबत नाही. दोन बैठकांत त्यांनी किटण मुळांपर्यंत खरवडून काढले. एक दात काढावा लागला. मिश्रीची डबी मी लपवली, ती आईने शोधून काढली. पुढे मात्र तिने स्वतःच ती उकिरड्यावर टाकली.

दोन महिन्यांनी तो आकडा उतरला. हिमोग्लोबिन किंचित वर सरकले. मी उत्साहाने विचारले, "हे हिरड्यांमुळेच ना?" डॉक्टर म्हणाले, "असेल. डायलिसिसच्या रोग्यांवर काही लहान प्रयोग झाले आहेत. हिरड्यांच्या उपचारानंतर हा आकडा उतरल्याचं त्यांतल्या काहींत दिसलं. पण त्यानं आयुष्य वाढतं असं अजून सिद्ध झालेलं नाही. शिवाय मधल्या काळात आपण औषधंही बदलली आहेत." मी हिरमुसले. पण खोटी आशा न दाखवल्याबद्दल आज मला त्यांचा आदर वाटतो.

आईचे यंत्र सुटलेले नाही. तिच्या मूत्रपिंडांना या उपचाराने काही झाले नाही, होणारही नव्हते. मात्र ती आता भाकरी चावून खाते.

हल्ली पिशवीतले कागद काढण्याआधी मी स्टूल पुढे ओढते आणि तिला तोंड उघडायला सांगते. ती कुरकुरते, "बाजारातला बैल हाय का गं मी, दात बघायला?" पण उघडते.