मिल सुरू, शेअर बंद

चंद्रपूर जिल्ह्यात कंपन्यांची कमी नाही. आवारपूर-गडचांदूरला सिमेंट, घुग्घुसला स्पंज आयर्न, जिकडेतिकडे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणी, बल्लारपूरला कागद. शेअर समजून घ्यायला याहून सोयीची जागा कुठली, असं कुणालाही वाटेल. मला मात्र ही सोयच अडचणीची वाटते. मी एका ब्रोकरच्या वतीने डिमॅट खाती उघडून देतो, सौदे टाकतो. माझ्याकडे येणारा माणूस म्हणतो, ‘ही कंपनी मले माहीत आहे.’ त्याला माहीत असतो तो कारखाना.

बल्लारपूरचंच घ्या. 1945 साली उद्योगपती थापरांनी काढलेली कागद कंपनी. गडचिरोलीच्या जंगलातून येणारे बांबूचे ट्रक, मिलचा तो वास, पाळ्यांच्या वेळा, हे सगळं या भागातल्या पिढ्यांच्या अंगवळणी पडलेलं. कधीकाळी या शेअरचा भाव तीन आकडी होता. 2020 मध्ये तो रुपयाच्या आसपास घुटमळत होता. त्याच वर्षी जानेवारीत कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पुढे लोक पेटीतली जुनी प्रमाणपत्रं घेऊन येत. प्रश्न ठरलेला : ‘मिल तं सुरू आहे ना जी, मंग शेअर कसा मेला?’

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर समजावताना दुपार निघून जाते. मिल होती उपकंपनीच्या नावावर. पेटीतला कागद मूळ कंपनीचा. त्या कंपनीने 2007 मध्ये मलेशियातल्या साबा प्रांतात जंगल आणि कागदाचा मोठा उद्योग विकत घेतला होता. कर्ज वाढत गेलं. चिमणीचा धूर दिसतो, कर्ज दिसत नाही; ते ताळेबंदात असतं आणि ताळेबंद कुणी उघडत नाही. कंपनी बुडीत निघाली की कायद्याने देणेकऱ्यांची रांग लागते. तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांचं थकलेलं वेतन पुढे, मग बाकीचे, सरकारी देणी, आणि अगदी शेवटी साधा भागधारक. मालक म्हणून तो शेवटी. सगळ्यांचं देऊन जे उरेल ते त्याचं. चांगल्या वर्षांत उरतं ते भरपूर असतं, म्हणून तर माणूस या रांगेत उभा राहतो.

हे ‘उरलेलं’ कसं हाती येतं, ते कोल इंडियाने दाखवलं. 2010 मध्ये तिचा शेअर 245 रुपयांना विक्रीला आला. वेकोलि तिचीच उपकंपनी, कर्मचाऱ्यांसाठी राखीव हिस्सा होता, त्यामुळे खाणीतल्या पुष्कळांनी अर्ज भरले. दहा वर्षांनी, 2020 च्या ऑक्टोबरात, भाव 110-115 वर. माझ्याकडे येऊन शिव्या घालणाऱ्यांना मी बँकेचं पासबुक काढायला लावी. 2014 च्या जानेवारीत एकाच वेळी शेअरमागे 29 रुपये लाभांश आला होता. दहा वर्षांचे सगळे मिळून दीडशेच्या वर गेलेले. सोनं झालं असं नाही, पण लूटही झालेली नव्हती. लाभांश घरखर्चात विरून गेला, म्हणून मोजलाच गेला नाही. (काहींनी तर खातं बदललं, पत्ता कळवला नाही. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही की शेअरसकट तो केंद्राच्या निधीत जातो, आणि मग कागदपत्रांचे हेलपाटे.)

तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की गडचिरोलीकडून फोन येतात. हातात रोख असते, कुणीतरी दुपटीचं काही सांगितलेलं असतं. मी विचारतो, धानाच्या रोवणीला पैसा कुठून आणणार? रोवणीच्या मजुरीला लागणारा पैसा शेअरमध्ये घालणाऱ्याला मी सरळ परत पाठवतो. भाव पडला नेमका आषाढात तर तो तोट्यात विकणार, यात कंपनीचा काय दोष? माझा धंदा बुडतो, बुडू दे.

आणि आता सगळे विचारतात ते सुरजागड. एटापल्ली तालुक्यातली लोहखनिजाची खाण, 2007 चा पट्टा, 2016 मध्ये नक्षल्यांनी जाळलेले ट्रक, 2021 पासून पुन्हा जोरात उत्खनन. ती चालवणाऱ्या लॉईड्स मेटल्सचा शेअर 2020 मध्ये वीस रुपयांच्या आत होता, 2024 संपताना हजारावर. त्या वीस रुपयांत ‘खाण चालेल का’ ही शंका भरलेली होती. ती फिटली तसा भाव चढला. आज घेणाऱ्याला ती शंका स्वस्तात मिळत नाही. त्याने विचारायचं ते असं की, हजारावरच्या भावात पुढच्या किती वर्षांचं खनिज आधीच मोजून झालंय?

माझा एक ग्राहक हा शेअर कुठल्याच भावाला घेत नाही. सुरजागडच्या डोंगरावर आदिवासींचा ठाकूरदेव आहे, म्हणतो. मी वाद घालत नाही. मालकी घ्यायची म्हणजे खाणीचीही घ्यायची, हे त्याला माझ्या बाकी ग्राहकांपेक्षा नीट कळलंय. दुसरीकडे, 1 जानेवारी 2025 ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते गडचिरोली जिल्ह्यातल्या कोनसरीत कामगारांना याच कंपनीचे शेअर दिले गेले. तसे शेअर असलेला कुणी आला, तर मी त्याला एवढंच सुचवतो, की पगार ज्या खाणीतून येतो त्याच खाणीत सगळी पुंजी ठेवू नका. थोडे विका, दुसरीकडे लावा. बहुतेक जण विकत नाहीत. भाव रोज मोबाइलवर बघतात, आणि ताळेबंद पाठवला तर ‘इंग्रजीत आहे ना जी’ म्हणतात. म्हणून हल्ली मी त्यातली तीनच पानं छापून देतो : कर्जाचं, उपकंपन्यांचं आणि रोकड कुठून आली, कुठे गेली याचं.