हिरवा चिमटा

आपल्या विद्यालयाच्या वार्षिकासाठी काही तरी लिहून पाठवावे, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा मोठमोठे विषय मनात येऊन गेले. पण लेखणी हाती घेतली, ती आमच्या घरच्या एका जुन्या सायकलीच्या पुढच्या चिमट्यापाशी येऊन थांबली. त्या चिमट्याने मला जे शिकविले, ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला आढळले नव्हते. विद्यार्थी मित्रांना ही हकीकत उपयोगी पडेल, आणि त्यांच्या आईवडिलांना कदाचित त्याहूनही अधिक, असे वाटल्यावरून ती येथे देत आहे.

आमचे घर जावळी तालुक्यातील मेढ्यास. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली वेण्णा नदी मेढ्यावरून वाहत जाऊन साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेला मिळते. मेढ्याहून पश्चिमेस निघालेली सडक केळघरचा घाट चढून महाबळेश्वरास जाते. पावसाळ्यात या खोऱ्यात भाताची खाचरे तुडुंब भरतात, आणि डोंगरावरून येणारे पाणी जागोजागी सडकेच्या मोऱ्यांखालून धावत असते. माझे आजोबा आसपासच्या खेड्यांतील शाळांवर शिक्षक होते. त्यांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून पै पै साठवून एक काळी रॅले सायकल घेतली होती. तिला सळयांचे ब्रेक होते आणि तिचा सांगाडा इतका उंच होता, की तेराव्या वर्षापर्यंत मी ती नळीखालून पाय घालूनच चालवीत असे. आजोबांच्या मागे ती वडिलांकडे आली. आम्ही वडिलांना आबा म्हणत असू. कचेरीतून आल्यावर ते सायकल पुसून ओसरीवर ठेवीत, मगच हातपाय धूत.

ही गोष्ट १९८४ सालच्या श्रावणातील आहे. मी त्या वेळी नववीत होतो. एके दिवशी मामाच्या गावाहून मेढ्यास परत येत असताना पावसाची मोठी सर आली. सळयांच्या ब्रेकचे रबर चाकाच्या पोलादी कडीला आतील अंगाने दाबले जाते, आणि कडी ओली झाली की ते नुसते घसरत राहते. हे मला ठाऊक होते. तरीही उताराची मौज मला सोडवेना. वळणावर सायकल आवरेना, आणि पुढचे चाक एका मोरीच्या दगडी कठड्यावर जाऊन आदळले. मी चिखलात पडलो, पण मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. चिमटा मात्र मागे रेटला जाऊन चाक जवळजवळ सांगाड्याला टेकले होते.

प्रथम मनात आले, ते आबांचे तोंड. मी सायकल ओढीत परसदाराने घरी आणली. आबा कचेरीत होते. पुढचे चाक काढून चिमट्याचे दोन्ही पाय आंब्याच्या बेचक्यात अडकविले आणि सांगाडा सारा जोर लावून ओढला. दोन-तीन हिसक्यांत चिमटा पुष्कळसा पूर्ववत् दिसू लागला. खांद्यापाशी रंगाला सुरकुत्या पडून पापुद्रे निघाले होते. खिडकीच्या गजांना देऊन उरलेला काळा रंग माळ्यावर होता, तो मी त्यावर फासला. संध्याकाळी आबा सायकल पुसू लागले, तेव्हा म्हणाले, “चाक जरा हेलकावे खातंय रे.” मी म्हणालो, “खड्ड्यात गेलं होतं, आबा.” ते एवढ्यावरच थांबले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हीच मोठी पंचाईत झाली.

त्यानंतर मी सायकल चालवून पाहिली, तेव्हा ती सारखी डावीकडे ओढत होती, आणि हँडल मध्येच कोठे तरी अडखळत होते. पण दुरून पाहणाऱ्यास काही कळण्यासारखे नव्हते, आणि तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली.

चार दिवसांनी नारळी पौर्णिमा होती. मामेभावांना राखी बांधण्यासाठी माझी धाकटी बहीण मामाकडे जावयाची होती, आणि आबा तिला सायकलीवर मागे बसवून नेणार होते. आदल्या रात्री ती आपली राखी उशाशी घेऊन निजली. मला काही केल्या झोप येईना. डोळा लागला, की तो उतार, ती मोरी आणि मागच्या बैठकीवर बसलेली ती, असे दिसे. पहाटे आबांनी हवा भरण्याचा पंप मागितला. मी पंप दिला नाही. मी म्हणालो, “आबा, सायकल नेऊ नका.” आणि मग, थांबत थांबत, सारे सांगितले.

आबा रागावले असते, तर बरे झाले असते. ते फक्त ओसरीवर बसले आणि बराच वेळ चिमट्याकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, “त्या दिवशी सांगितलं असतंस, तर चिमटा गेला होता एवढंच ऐकावं लागलं असतं.” बहीण एस.टी.ने आईबरोबर गेली. पुढच्या रविवारी आबांनी सायकल गाडीच्या टपावर चढविली, आणि आम्ही दोघे साताऱ्यास एका वृद्ध मिस्त्रीच्या दुकानी गेलो.

मिस्त्रींनी मला काही विचारले नाही. त्यांनी चाकूने माझा काळा रंग खरवडला. चिमट्याच्या खांद्यावर, म्हणजे दोन्ही पाय जेथे एकत्र येऊन वरच्या नळीला मिळतात तेथे, रॉकेल लावले, फडक्याने कोरडे पुसले आणि वर पांढरा खडू फासला. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यावर केसाएवढी काळसर रेघ उमटली. भेगेत शिरलेले रॉकेल खडूने बाहेर ओढून घेतले होते. ज्या खडूने मी रोज फळ्यावर गणिते सोडवीत असे, त्यानेच माझी लबाडी उघडी केली. मिस्त्री आबांना म्हणाले, “वाकलेला चिमटा परवडला; तो तोंडावर सांगतो. ओढून सरळ केलेला गप्प राहतो, अन् उतारावर बोलतो.”

मग त्यांनी एक तारेचा तुकडा माझ्या हाती देऊन एकाच जागी इकडून तिकडे वाकविण्यास सांगितले. पाच-सात वेळा वाकविताच तार तुटली. लोखंड थंडपणी वाकले की त्या जागी ते कठीण होते, आणि कठीण होते तसतसे ठिसूळही होते. उलट वाकविल्याने ते पहिल्यासारखे होत नाही, त्याला दुसऱ्यांदा इजा होते. सायकलीच्या इतर बहुतेक भागांत असा दोष असला, तर सायकल कुरकुरते किंवा थांबते. चिमटा तुटला, तर पुढचे चाक निसटते, सांगाडा जमिनीत रुततो आणि स्वार डोक्यावर पडतो. त्याला हात पुढे करण्याचीही उसंत मिळत नाही. चिमट्याबरोबर सांगाडाही तपासावा लागतो. पुढच्या आखूड नळीला येऊन मिळणाऱ्या दोन नळ्यांवर मिस्त्रींनी बोट फिरवून पाहिले. तेथे फुगवटा किंवा सुरकुती असती, तर सांगाडाही गेला असे समजावयाचे. सुदैवाने तो शाबूत होता.

चिमट्याचे पाय खाली पुढच्या अंगास का वळलेले असतात, हे मी कधी मनात आणले नव्हते. सायकलीचे हँडल ज्या तिरप्या नळीत फिरते, तिची रेघ खाली वाढविली, तर ती जमिनीला जेथे लागेल, त्याच्या किंचित मागे चाक जमिनीला टेकते. म्हणून इस्पितळातील ढकलगाडीच्या लहान चाकाप्रमाणे पुढचे चाक आपोआप मागे राहून सरळ रेषेत येऊ पाहते. हे अंतर किती असावे, ते चिमट्याच्या बाकाने ठरते. बाक कमी-अधिक झाला की सायकलीचा स्वभावच बदलतो. आणि दोन पायांचा बाक सारखा नसला, तर ती एका बाजूस ओढते. माझी सायकल डावीकडे ओढत होती, तिचे कारण हेच.

आबा म्हणाले, “पैसे मी देईन, पण काम याच्याकडून करून घ्या.” त्याप्रमाणे मी कामास लागलो. चाक काढले, ब्रेकच्या सळया सोडविल्या. हँडलच्या दांडीच्या तळाशी शंकूसारखा एक तुकडा असतो. वरचा बोल्ट आवळला, की तो वर ओढला जाऊन दांडी नळीत घट्ट बसते. म्हणून बोल्ट दोन-तीन फेरेच सैल करावयाचा, आणि त्यावर लाकूड ठेवून हातोडीचा हलका ठोका द्यावयाचा. शंकू खाली निसटला आणि दांडी अलगद वर आली. मग वरचा नट, दिव्याची पट्टी, वरची आट्यांची वाटी असे क्रमाने काढून प्रत्येक वस्तू काढल्या क्रमाने फडक्यावर मांडली. चिमटा खाली सरकताच छर्रे घरंगळू लागतात, म्हणून खाली परात ठेविली होती. वरच्या व खालच्या वाटीतले छर्रे वेगवेगळे मोजून ठेविले.

दुकानात एक कोरा करकरीत चिमटा होता. दिसावयास तो अगदी जुन्यासारखा होता. तो बसविला, पण जुनी वाटी त्यावर दोन फेरे फिरून अडली. मी म्हणालो, “जरा जोर लावू का?” मिस्त्रींनी माझ्या हातातील पाना काढून घेतला. ते म्हणाले, “जोर लावूनच इथवर आलास ना?” मी खजील झालो. त्यांनी सांगितले, की इतर बहुतेक इंग्रजी सायकलींच्या चिमट्याच्या नळीवर एका इंचात २४ आटे असतात, पण रॅले कारखान्याने आपले आटे निराळे, इंचाला २६, ठेविले होते. नळीची जाडी तीच, डोळ्यांना फरक दिसत नाही. पण जबरदस्तीने आवळले, तर दोन्हींचे आटे कापले जातात, आणि सैल झालेला नट पुढे केव्हा दगा देईल याचा नेम राहत नाही.

शेवटी मिस्त्रींनी माळ्यावरून मोडीत काढलेल्या सायकलींच्या चिमट्यांची मोळी खाली घेतली. तींत रॅलेचे दोन चिमटे निघाले. पहिल्याची नळी आखूड होती, कारण तो ठेंगण्या सांगाड्याचा होता. दुसरा जुन्या चिमट्याशी पाठीला पाठ लावून पाहता नळी, आटे, बाक सर्व जुळले. मात्र त्याचा रंग हिरवा होता. तो जुना असल्यामुळे त्यालाही रॉकेल व खडूची परीक्षा द्यावी लागली. खडू पांढराच राहिला, तेव्हा मी मोठा सुस्कारा सोडला. जुन्या चिमट्याच्या खांद्यावरील कडी हळूहळू चोहोबाजूंनी ठोकून काढली व नव्यावर तशीच सारखी बसविली. वाट्यांत ग्रीस भरून छर्रे मोजून रोवले.

सर्वांत नाजूक काम शेवटी होते. वाटी फार आवळली, तर हँडल जड होते आणि छर्रे वाट्यांना खळगे पाडतात. ती सैल राहिली, तर ब्रेक लावताच चिमटा खटखटतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी, खटका जाणवू नये. पुढचे चाक उचलून सोडावे, हँडल आपल्या भाराने दोन्ही बाजूंना वळावे. हे दोन्ही साधेपर्यंत मी निदान दहा वेळा नट सोडविला व आवळला. मिस्त्री शेजारी बसून विडी ओढीत होते. त्यांनी एकदाही हात लावला नाही.

परतताना आबांनी एक गोष्ट सांगितली. पुढे लोखंडी नांगरांसाठी नावाजलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी व त्यांच्या बंधूंनी प्रथम बेळगावास सायकलींचे दुकान थाटले होते. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, ती त्यानंतर. आबा म्हणाले, “यंत्र उघडून खरं काय ते बघायची सवय लागली, की माणूस कुठंही जातो.” मला मात्र त्या क्षणी यंत्रापेक्षा माझेच मन उघडून पाहिल्यासारखे वाटत होते.

घरी आल्यावर मी तो हिरवा चिमटा काळा रंगविण्याची परवानगी मागितली. आबांनी ती दिली नाही. ते म्हणाले, “राहू दे. आहे तसा दिसू दे.” काळ्या सायकलीला हिरवा चिमटा पाहून गावातील पोरे विचारीत, “हे काय रे?” आणि प्रत्येक वेळी मला कठड्याची हकीकत सांगावी लागे. पहिल्या चार-पाच वेळा कान तापले. पुढे मी ती हसत सांगू लागलो, आणि माझ्या ध्यानात आले, की जी चूक दहा जणांना सांगून झाली, तिचे ओझे उरत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हातूनही काही ना काही मोडेल. ते त्याच दिवशी सांगा, कारण त्यावर रंग देऊन तुम्ही गप्प बसलात, तर त्या वस्तूवर उद्या कोण बसेल हे तुमच्या हाती राहत नाही. आणि वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, की मूल सांगावयास आले, तर आधी ओसरीवर बसून ऐकून घ्यावे. आबा त्या पहाटे तसे बसले नसते, तर पुढच्या वेळी मी खचित काही सांगितले नसते.

ती सायकल अद्याप आमच्या मेढ्याच्या घरी आहे. चिमट्याचा हिरवा रंग आता बराच उडाला आहे. पण तो पुन्हा देण्याचे कोणाच्याही मनात आलेले नाही.