काळो उंदीर

विभागाच्या कपाटातून तो माझ्या हाती आला तेव्हा त्याच्या पाठीवर पांढऱ्या शाईने एक आकडा होता आणि रजिस्टरात त्या आकड्यासमोर माझी सही. तळहातात मावेल एवढा रेकॉर्डर. डोक्यावर दोन माइक, कान टवकारल्यासारखे. पोटात दोन बारीक सेल. वाऱ्याचा घोंघाट येऊ नये म्हणून स्पंजाची टोपी, तीही एका बाजूने कुरतडलेली. माझ्या आधी तो किती जणांबरोबर कुठेकुठे हिंडला होता कोण जाणे. भाषाविज्ञानातल्या एम.ए.च्या लघुप्रबंधावर नाव माझं छापलं गेलं. उन्हातान्हात काम मात्र त्याने केलं.

कुडाळ तालुक्यातल्या ज्या घरी मी सगळ्यात जास्त बसले, तिथल्या आजींनी त्याला पाहताक्षणी विचारलं, "हो काळो उंदीर कोणाचो?" तेव्हापासून त्याचं नाव तेच.

माझा विषय दोन शब्दांत सांगता येतो : 'माका' की 'मला'. मालवणी बोलणारा माणूस घरात 'माका, तुका' म्हणतो आणि शाळेतल्या, कचेरीतल्या मराठीत 'मला, तुला'. तो कुठे, कुणासमोर, कोणत्या क्षणी एकावरून दुसऱ्यावर जातो, ते मला नोंदवायचं होतं. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांचं कुडाळीवरचं, म्हणजे कुडाळकडच्या मालवणीवरचं, पुस्तक १९६५ चं. ते माझ्या पिशवीत होतं आणि त्यात 'माका' ठामपणे बसलेला होता. उंदरासमोर मात्र तो बसेना. लाल दिवा लागला की आजी पदर सारखा करायच्या, पाठ ताठ करायच्या आणि आकाशवाणीवर मुलाखत असावी तशा बोलायच्या. "मला लहानपणी शाळेची फार आवड होती." वाक्य निर्मळ, स्वच्छ आणि माझ्या दृष्टीने फुकट.

उंदराचा हा मोठा दुर्गुण. तो मुका असतो, पण परकाही असतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी याच अडचणीला पुढे नाव दिलं : माणसं कुणी पाहत नसताना कशी बोलतात ते ऐकायचं, आणि ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यांचा स्वतःचा एम.ए.चा प्रबंध मार्थाज् व्हिनयार्ड या अमेरिकन बेटावरच्या ६९ रहिवाशांच्या मुलाखतींवर उभा होता. मग १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत त्यांनी रेकॉर्डर नेलाच नाही. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करायची, विक्रेत्याने 'फोर्थ फ्लोअर' म्हटलं की बाजूला होऊन त्यातला 'र' उच्चारला की गाळला ते वहीत टिपायचं. मला ही युक्ती फार आवडते. पण मला 'र' नाही, अख्खी वाक्यं हवी होती. उंदराशिवाय गत्यंतर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कोंबडीने मदत केली. खळ्यात भात सुकत घातलं होतं. आजी आपल्या लग्नातली वरात सांगत होत्या, अर्थात पुस्तकी मराठीत. तेवढ्यात कोंबडी थेट भातात शिरली. आजी अर्ध्या उठल्या आणि सुनेला ओरडल्या, "त्या कोंबयेक हाकल गो!" परत बसल्या, आणि वरात पुढे निघाली ती 'माका'वरून. पदर घसरलेला, हातवारे चाललेले, उंदीर साफ विसरलेल्या. लाल दिवा तेवढा चालू.

पुण्याला येऊन हेडफोन लावले तेव्हा त्याचा दुसरा स्वभाव कळला. त्याला काही कळत नाही, म्हणून तो काही सुधारत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणातला मराठीचा खंड १९०५ चा. त्यातले नमुने जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांमार्फत लिहवून आलेले. उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलीत. कान नव्हता, कारकून होता. आणि लिहिणाऱ्याचा हात आपोआप थोडा शुद्ध होतोच, माझाही होतो. 'कोंबयेक' मी पहिल्या फेरीत 'कोंबडीक' लिहिलं होतं. उंदराने चार वेळा तेच ऐकवलं, तेव्हा खोडलं. ग्रिअर्सनसाहेबांनी नंतर ग्रामोफोनवर आवाज मुद्रित करवून घेतले, ते उगीच नव्हे.

तो सेकंदाला ४४,१०० वेळा ऐकतो. तासाभराचं बोलणं सहाशे एमबीच्या आसपास जातं आणि कागदावर उतरवायला पुरा दिवस खातं. मिक्सर, रिक्षा, पावसाची सर, कुणाची तरी ढेकर, सगळं त्याच्या लेखी सारखंच महत्त्वाचं. आणि मी. बाई गं, मी किती बोलते! आजी श्वास घ्यायला थांबल्या की माझं 'हो ना', 'बरोबर', 'मग?'. दोन ठिकाणी तर 'माका' माझ्याच 'अच्छा'खाली गाडला गेलेला. गाईडनी पाच मिनिटं ऐकलं, हेडफोन काढले आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी तू कमी बोल." आरसा इतकं वाईट कधी दाखवत नाही.

शेवटच्या दिवशी सेल संपले. लाल दिवा विझला तो आजींनीच माझ्याआधी पाहिला.

"ह्यां बंद झालां?"

"हो."

"मगे आता आयक."

आणि तासभर त्यांनी जे सांगितलं त्यात 'मला' एकदाही आला नाही. बाजूच्या दुकानात सेल मिळत होते. मी उठले नाही. वहीही उघडली नाही.

ते लघुप्रबंधात नाही. व्हायवाला कुणी विचारलंही नाही. उंदीर परत केला तेव्हा रजिस्टरात लिहिलं : रेकॉर्डर एक, टोपी एक (कुरतडलेली), सेल नाहीत.