वही मागण्याचे दिवस

१ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तोवर आमच्या पिढीचं शिक्षण आटोपलं होतं. आमगाव, सालेकसा, तिरोड्याहून आम्ही पॅसेंजरने गोंदियाच्या कॉलेजात जायचो. गाडी चुकली की तास बुडायचा, धानाची रोवणी लागली की आठवडा बुडायचा. मग मैत्रिणीची वही मागायची, रात्री उतरवून काढायची, आणि समासात तिने ‘सरांनी दोनदा सांगितलं’ असं लिहिलेलं असेल, तर तेही उतरवायचं. न कळलेलं दुसऱ्या दिवशी गाडीत समजून घ्यायचं.

आता बुडालेला तास मोबाईलवर सापडतो. थांबवता येतो, मागे नेता येतो. वही मागावी लागत नाही, म्हणून कोणाकडे जावंही लागत नाही.

जुनं सगळं चांगलं नव्हतंच. एकच गुरुजी दोन-दोन वर्ग सांभाळायचे. विज्ञानाचा प्रयोग फळ्यावरच व्हायचा. छडीच्या भीतीने शंका मनातच राहायची. हायस्कूल दुसऱ्या गावी, म्हणून सातवीनंतर कितीतरी मैत्रिणींची शाळा सुटली.

आज देवरीकडची मुलगी घरी बसून चांगल्यातल्या चांगल्या शिक्षकाचं भौतिकशास्त्र ऐकू शकते. हे आम्हाला मिळालं असतं, तर शाळा सुटलेल्यांतल्या काही जणी नक्की पुढे शिकल्या असत्या.

पण चार दिवस जागा रिकामी दिसली की आमचे गुरुजी थेट बांधीवर यायचे. पऱ्ह्यांची जुडी हातात घेऊन पोरगं चिखलात उभं. गुरुजी विचारायचे, “का रे, उद्या येतोस का नाही?” बाप म्हणायचा, “दोन दिवस राह्यले गुरुजी, मंग धाडतो.” घरी गोंडी किंवा पोवारी बोलणाऱ्या पोराचा चेहरा कोरा दिसला, तर गुरुजी तोच धडा त्याच्या बोलीत सांगायचे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. अभ्यासासाठी दीक्षा ॲपचा वापर वाढला, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागू लागली, शिक्षकांनी जीव तोडून धडे पाठवले. पण घरात मोबाईल एकच, तोही बापासोबत कामावर. जंगलपट्ट्यात रेंजसाठी तलावाची पाळ चढावी लागे. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा झालीच नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पोरं पुढे गेली, पण कोणाला किती कळलं हे त्या आकड्यात कुठे होतं?

म्हणून ऑनलाइन शिक्षण राहू द्या, वाढू द्या. मात्र ते किती उपयोगी पडलं हे पाहिलेल्या व्हिडिओंवरून ठरवू नका. जे पोरगं दिसेनासं झालं, त्याच्या घरी कोण गेलं, हे आधी विचारा.