कॉर्डलेस

बिलावर तो 'वायरलेस हँडमाईक' असतो. कणकवलीत त्याला सगळे कॉर्डलेस म्हणतात. काळा, वीतभरापेक्षा थोडा लांब. गळ्याला पिवळी चिकटपट्टी, म्हणजे जोडीतला हा कुठला आणि तो कुठला हे साऊंडवाल्याला लांबून कळावं. डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपलेली. पोटात दोन पेन्सिल सेल. स्विचवर पांढरा टेप मारलेला, कारण प्रश्न विचारायला उठलेला माणूस याला हातात घेतल्याबरोबर पहिलं काम काय करतो, तर चालू असलेला माईक बंद करतो. मग 'आवाज येतोय का?' असं विचारतो, आणि तो प्रश्न कोणालाच ऐकू जात नाही.

व्याख्यान चालू असतं तेव्हा कॉर्डलेसला काही काम नसतं. पोडियमवरचा वाकड्या मानेचा माईक त्याचा थोरला भाऊ. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, स्वागतगीताच्या मुली सगळे त्याच्याच तोंडी लागतात. कॉर्डलेस कोपऱ्यातल्या खुर्चीवर, एखाद्या कार्यकर्त्याच्या मांडीवर पडून असतो. दीड तास. आभार मानताना मंडपवाल्याचं नाव येतं, चहावाल्याचं येतं, थोरल्या माईकसमोर उभं राहून येतं. याचं कधी येत नाही. पण सूत्रसंचालक 'आता श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत' म्हणाला, की सभागृहाची सगळी सत्ता थोरल्याकडून या धाकट्याकडे येते, आणि पुढची वीस मिनिटं सभा याच्या मर्जीने चालते. त्याला ज्याने धरलं त्याच्या मर्जीने, असं म्हणणं जास्त खरं.

स्वभावाने तो जवळिकीचा. ओठांपासून चार बोटांवर धरा, गोड बोलतो. अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने खाली उतरतो, आणि आपल्याकडचे सभ्य लोक त्याला नेमके छातीशी, फुलांच्या गुच्छासारखं धरतात. दुसरी जात गायकांची. त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं, म्हणून ते जाळीच मुठीत घेतात. अमेरिकेतल्या श्युअर कंपनीने १९६६ साली काढलेला एसएम ५८ हा या गोल जाळीवाल्या घराण्यातला नावाजलेला पूर्वज. समोरचं ऐकायचं आणि पाठीमागचं कानाआड करायचं, ही या घराण्याची विद्या. जाळीच्या खालच्या बाजूनेही हवा आत जाते, त्यावर ती विद्या चालते. तिथे मूठ आवळली की बिचाऱ्याला चहूबाजूंचं ऐकू यायला लागतं, त्यात कर्ण्यातून आलेला स्वतःचाच आवाजही येतो, तो पुन्हा कर्ण्याकडे जातो, आणि शिट्टी वाजते. लोक साऊंडवाल्याकडे रागाने बघतात. साऊंडवाला मुठीकडे बघत असतो.

पावसाळा त्याला सोसत नाही. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की सेलच्या टोकांवर हिरवट थर चढतो. आणखी एक खोड म्हणजे, लाईट गेली तरी याचा दिवा हिरवाच असतो, कारण याचे सेल याच्या पोटात. आवाज घेणारी पेटी मात्र भिंतीच्या विजेवर. त्यामुळे अंधारात एखादे काका हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून तीन मिनिटं बोलत राहतात.

हे झालं शरीराचं. कणकवली हे त्याच्या दृष्टीने बरं गाव. वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानाने इथे नाटकाचा आणि गाण्याचा प्रेक्षक वर्षानुवर्षं घडवला आहे, नाथ पै यांच्या नावाची एकांकिका स्पर्धा इथे होते. ऐकायला बसायचं कसं हे गावाला माहीत आहे. विचारायचं कसं, तिथे घोडं अडतं.

पहिला प्रसंग शांततेचा. 'कुणाला प्रश्न आहे?' म्हटल्यावर सगळे माना वळवून मागे बघतात. ही शांतता पंधरा-वीस सेकंदांची असते, पण सूत्रसंचालकाला ती जन्मभराची वाटते. तो घाबरून 'प्रश्न नसतील तर आपण आभाराकडे वळू' म्हणतो, आणि कॉर्डलेस परत मांडीवर जातो. माझं मत विचाराल तर त्या शांततेला हात लावू नये. लोकांच्या डोक्यात प्रश्न असतो; त्याचं वाक्य तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. 'शेजारच्याशी दोन मिनिटं बोला, मग विचारा' एवढं सांगितलं तरी हॉल गुणगुणायला लागतो, आणि मग हात वर येतात.

कोणाचा हात आधी वर येतो, हेही ठरलेलं आहे. दुसऱ्या रांगेतले निवृत्त गृहस्थ. 'माझा प्रश्न असा नाही, पण या विषयाला धरून दोन शब्द...' कॉर्डलेस एव्हाना त्यांच्या हातात गेलेला असतो, आणि एकदा गेला की तो परत मिळवणं म्हणजे जमिनीच्या दाव्यासारखं. दोन शब्दांत १९६७ सालचा एक अनुभव येतो, वक्त्यांच्या दिवंगत वडिलांची ओळख येते, एक सुभाषित येतं. मागच्या रांगेतली पोरं मोबाईल काढतात. यावर उपाय एकच, तो मी जाणत्या साऊंडवाल्यांकडून ऐकला आहे: माईक द्यायचाच नाही. कार्यकर्त्याने तो स्वतःच्या हातात धरून प्रश्नकर्त्याच्या तोंडापुढे न्यायचा. चार बोटांचं अंतरही राखलं जातं, आणि 'काका, प्रश्न?' असं हलकेच विचारता येतं. काका रागावत नाहीत. त्यांना कुणीतरी ऐकतंय, एवढंच हवं असतं. फार तर दोन शब्दांचे चार होतात.

पहिल्या प्रश्नाचं महत्त्व लोकांना वाटतं त्याहून मोठं आहे. २०१८ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास आला. दहा देशांतल्या विद्यापीठांमधली जवळपास अडीचशे व्याख्यानं संशोधकांनी पाहिली. हजेरीचा हिशेब धरूनही पुरुषांनी प्रश्न विचारण्याची शक्यता बायकांच्या अडीच पट निघाली. आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढेही बायकांचे प्रश्न कमी येत. ही विद्यापीठातली माणसं, बोलण्याचाच धंदा असलेली. आमच्या हॉलमध्ये डावीकडच्या रांगांत बसलेल्या बायकांचं काय होत असेल ते सांगायला अभ्यास नको. कार्यकर्ता उजवीकडून चालायला लागतो, कारण ओळखीचे चेहरे तिकडे. डावीकडे पोचेपर्यंत वेळ संपलेली असते. एकदा एका आरोग्यविषयक व्याख्यानाला एका चलाख मुलीने कॉर्डलेस घेतला आणि सरळ डाव्या बाजूच्या चौथ्या रांगेत जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती उभी. पहिला प्रश्न तिथून आला, मधुमेहात गरोदरपण कसं सांभाळायचं याचा. त्या दिवशी उजव्या बाजूला माईक पोचला तो अगदी शेवटी.

आणि मग भाषा. खुर्चीवर बसलेला असतो तोवर आमचा माणूस शेजाऱ्याच्या कानात अस्सल मालवणीत म्हणतो, 'अरे, पण आमच्या वाडीत पाणी कधी येतला ता सांगूक सांग मरे.' कॉर्डलेस तोंडापुढे आला की तोच माणूस खाकरतो आणि म्हणतो, 'आदरणीय व्यासपीठ, पाणीपुरवठ्याच्या संदर्भात शासनाचं धोरण काय आहे, याबाबत आपण मार्गदर्शन करावं.' झालं. धोरण विचारलं की धोरण मिळतं. वक्ता दहा मिनिटं धोरण सांगतो, वाडीत पाणी येत नाही ते येत नाहीच. मच्छिंद्र कांबळी 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक घेऊन १९८० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मालवणीला माईकचं वावडं असल्याचं कुणी म्हणू शकत नाही. प्रेक्षागृहात मात्र ती अजून लाजते. सूत्रसंचालकाने पहिली दोन वाक्यं मालवणीत टाकली तर ही गाठ सुटते, असा माझा अनुभव आहे. पाहुणे पुण्याचे असले तर फार तर अर्थ विचारतील. विचारू देत, तोही प्रश्नच.

खरं म्हणजे मोजून-मापून विचारायची विद्या या मुलखाला नवी नाही. गावच्या देवाला कौल लावतात तेव्हा गुरव कसा विचारतो ते बघा. देवाच्या अंगावर तांदूळ किंवा कळ्या चिकटवलेल्या, उजवा कौल होकाराचा, डावा नकाराचा. तिथे एका वेळी एकच प्रश्न. तोही असा, की उत्तर उजवं-डावं देता यावं. देवाला कोणी 'या विषयावर आपण प्रकाश टाकावा' असं सांगत नाही. गाऱ्हाणं मात्र लांबलचक असतं, आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या सभांची गोची अशी की कॉर्डलेस हाती आला की लोक कौल सोडतात आणि गाऱ्हाणं धरतात. फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी उरत नाही.

कौलात आणखी एक गोष्ट असते, जी कार्यकर्ते विसरतात: उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारता येतं. याच पट्ट्यातल्या राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७० पर्यंत लोकसभेत होते. त्या सभागृहाचा पहिला तास प्रश्नांचा. मूळ प्रश्न आधी लेखी द्यायचा. तारांकित असेल तर मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं. आणि त्यानंतर पूरक प्रश्न. मंत्री घामाघूम होतो तो पूरक प्रश्नाला, कारण पहिल्या उत्तराचा कागद खात्याने लिहून दिलेला असतो. आमच्याकडे प्रश्न संपतो ना संपतो तोच कार्यकर्ता कॉर्डलेस ओढून पुढच्या रांगेत पळतो. वक्त्याने उत्तर टाळलं तरी ते टाळलं हे सांगायला माईक नसतो. म्हणून माईक हातात देऊ नये हे जितकं खरं, तितकंच उत्तर संपेपर्यंत माणसाजवळून हलू नये हेही.

कॉर्डलेसला एक सावत्र बहीण आहे, चिठ्ठी. जुन्या व्याख्यानमालांतली, वहीचं पान फाडून घडी घातलेली. काही अध्यक्ष अजून तिलाच मानतात. ती लाजऱ्यांना बोलू देते, हे मान्य. कोणाच्या अक्षरात आहे हे कळत नाही, त्यामुळे व्यसनाचं, मासिक पाळीचं, भावाभावांतल्या वाटणीचं काहीही विचारता येतं. पण चिठ्ठी आधी अध्यक्षांच्या हातात जाते. अवघड चिठ्ठ्या त्यांच्या फाईलखाली जातात आणि 'आपल्या लेखनाची प्रेरणा काय?' ही वर येते. मला विचाराल तर चिठ्ठ्या अध्यक्षांकडे न देता कॉर्डलेस धरणाऱ्या पोराकडे द्याव्यात आणि त्यानेच मधूनमधून एक वाचावी. सावत्र भावंडं एकत्र नांदतात.

'शेवटचा प्रश्न' जाहीर झाला की एकाच वेळी सहा हात वर येतात, हे तर विचारूच नका. यातला एक हात पुन्हा त्याच निवृत्त काकांचा असतो.

कार्यक्रम संपल्यावर साऊंडवाला कॉर्डलेसची जाळी पंच्याने पुसतो, सेल काढतो आणि घाई करतो, कारण रात्री कुठल्यातरी गावात जत्रा असते आणि तिथे दशावतार उभा राहायचा असतो. तिथे याच्या वाट्याला घोषणा येतात. 'देवळाच्या पायऱ्यांसमोर पांढरी गाडी उभी हा, पालखीक वाट नाय, गाडी कोणाची हा?' लगेच एक माणूस चहाचा कप तसाच ठेवून धावत सुटतो. एक प्रश्न, मालवणीत, श्वास न घेता विचारलेला, आणि मिनिटभरात गाडी हललेली.